चिठ्ठ्या त्याच, विजेते तीन

निवडणूक जवळ आली की सांगलीत एक मेसेज हमखास फिरतो: "मोजायची पद्धत कुठलीही ठेवा, ज्याच्यामागं जास्त लोक तोच निवडून येणार. पसंतीक्रम वगैरे आपल्याकडं कुणाला कळत नाही." शिकलीसवरलेली माणसंही तो पुढं ढकलतात, म्हणून लिहितोय.

आधी "ज्याच्यामागं जास्त लोक". 2019 च्या लोकसभेला सांगलीत संजयकाका पाटलांना 5,08,995 मतं पडली, विशाल पाटलांना 3,44,643 आणि गोपीचंद पडळकरांना 3,00,234. नियमानं संजयकाका निवडून आले, त्यात वाद नाही. पण मागच्या दोघांची बेरीज 6,44,877 होते. पडळकरांच्या तीन लाख मतदारांना उरलेल्या दोघांपैकी कोण चालला असता? आपल्या लोकसभेच्या पद्धतीत हा प्रश्न विचारतच नाहीत.

"पद्धत कुठलीही ठेवा" हे तर कागद-पेन्सिल घेऊन खोडता येतं. आमच्या मंडळाच्या सहलीसाठी 21 जणांनी चिठ्ठीवर तीन ठिकाणं आवडीच्या क्रमानं लिहिली. 9 जणांनी कास, सागरेश्वर, चांदोली. 7 जणांनी चांदोली, सागरेश्वर, कास. 5 जणांनी सागरेश्वर, चांदोली, कास. नुसती पहिली पसंती मोजली तर कास. सगळ्यांत मागं पडलेलं सागरेश्वर बाद करून त्याची 5 मतं दुसऱ्या पसंतीला दिली, तर चांदोली 12, कास 9. आणि दोन-दोन ठिकाणांची जोडी लावली तर सागरेश्वर कासला 12-9 नि चांदोलीला 14-7 हरवतं. एकही चिठ्ठी बदलली नव्हती. सागरेश्वर कुणाच्याच यादीत शेवटी नव्हतं, आम्ही तिथंच गेलो.

दर वेळी विजेता बदलतोच असं नाही. राष्ट्रपती निवडताना खासदार-आमदार पसंतीक्रमानं मत देतात, आणि प्रत्येक मताला ठरलेलं वजन म्हणजे मतमूल्य असतं. 1969 च्या निवडणुकीत पहिल्या पसंतीला व्ही. व्ही. गिरींना 4,01,515, नीलम संजीव रेड्डींना 3,13,548 आणि आपल्या चिंतामणराव देशमुखांना 1,12,769 मतमूल्य मिळालं. पुढच्या पसंती मोजल्यावर गिरीच जिंकले, पण 88 हजारांची आघाडी साडेचौदा हजारांवर आली.

राहिलं "कुणाला कळत नाही". विधान परिषदेचा आमदार पदवीधर निवडतात त्या पुणे पदवीधर मतदारसंघात सांगली-सातारा येतात. तिथं आम्ही जांभळ्या पेननं नावापुढं 1, 2, 3 लिहितो. मागच्या खेपेला रांगेत माझ्यापुढं एक निवृत्त मास्तर होते. बाहेर येऊन म्हणाले, "एकचा आकडा घरूनच ठरला होता. दोनवर मात्र जरा थांबलो. दोघंही बरे वाटत होते."