लिंबू शेड हिरवी का दिसली

नमस्कार ताई, रिव्ह्यू वाचला. हॉलला लिंबू आणि बेडरूमला पिस्ता असे दोन रंग नेलेत, पण भिंतीवर दोन्ही सारखेच हिरवट दिसतात, वर जुन्या निळ्या भिंतीवर लिंबूचे चार हात मारावे लागले, म्हणजे दुकानाने डबाच चुकीचा दिला असं तुम्ही लिहिलंय. गणपतीची चवथ तोंडावर आली असताना हे झालं, खूप वाईट वाटलं.

रंग मिसळायच्या मशीनमधला दोन्हींचा फॉर्म्युला मी आज परत काढून बघितला, डबे बरोबर होते. चूक तरीही आमचीच. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली दोन बोटांएवढ्या कार्डावर हे रंग अगदी वेगळे दिसतात आणि मी तेवढ्यावरच हो म्हटलं. हॉलच्या खिडकीला लागून कुळागर आहे हे तुम्ही बोलता बोलता सांगितलं होतंत, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. माडा-पोफळींच्या पानांतून येणारा उजेड हिरवा असतो आणि लिंबू शेडमध्ये मुळातच थोडी हिरवी झाक, मग दिवसभर ती पिस्त्याकडेच झुकणार. रात्री २७०० केल्विनचा पिवळा बल्ब लावून बघा, तीच भिंत बरीच पिवळी दिसेल.

आणि निळ्या भिंतीबद्दल तर मी विचारलंच नाही हो. असल्या चमकदार पिवळ्याचं पिगमेंट खालचं नीट झाकत नाही, निळ्यावर पिवळा पातळ बसला की हिरवाच दिसतो, आधी पांढऱ्या प्रायमरचा हात हवाच होता. पिस्त्यात पांढरा जास्त असतो म्हणून तो दोन हातांत बसला.

रविवारी मी स्वतः फोंड्याहून येतो. लिंबू आणि थोडी तांबूस झाक असलेला हळदी पिवळा, दोन्ही आधी प्रायमर मारून दोन-दोन फूट लावून ठेवतो, सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर बघा आणि मगच ठरवा, घाई करू नका. मला तिथे हळदीच शोभेल असं वाटतं. हॉलचा प्रायमर, रंग आणि पेंटरची मजुरी आमच्याकडून. फक्त पेंटरला सांगा, डब्यावर चार तास लिहिलेले असले तरी या पावसात दोन हातांमध्ये रात्रभर थांबायचं. बेडरूमचा पिस्ता आवडत असेल तर राहू दे, नाहीतर तोही बघू.