खुलासा : एक्झिक्युटिव्ह कोचला सरकारी परवाना लागत नाही

‘आयसीएफ ही सरकारमान्य संस्था असून तिच्या परवान्याशिवाय एक्झिक्युटिव्ह कोचिंग करणे बेकायदा आहे,’ असा मेसेज एचआरवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. एक्झिक्युटिव्ह कोच म्हणजे कंपनीतल्या मॅनेजरशी बोलून त्याला कामात सुधारायला मदत करणारा माणूस. भारतात अशा कोचिंगसाठी परवाना देणारी सरकारी यंत्रणाच नाही. आयसीएफ, म्हणजे इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, ही 1995 साली अमेरिकेत सुरू झालेली व्यावसायिक संघटना आहे.

तिच्या प्रमाणपत्राला किंमत नाही, असं मात्र कुणी समजू नये. त्याच्या तीन चढत्या पातळ्या आहेत : एसीसीसाठी किमान 100 तास, पीसीसीसाठी 500 आणि एमसीसीसाठी 2500 तास कोचिंगचा अनुभव लागतो. प्रमाणपत्राचं दर तीन वर्षांनी नूतनीकरणही करावं लागतं, म्हणून तारीख तपासाच.

पण तास मोजून माणूस कळत नाही. पैसे कंपनी भरते आणि मन मोकळं करायचं असतं मॅनेजरला. खरी गोम इथेच आहे. पहिल्याच भेटीत कोचला सरळ विचारा, ‘आमचं बोलणं साहेबांपर्यंत किती जाणार?’ चांगला कोच उद्दिष्टं कंपनी, मॅनेजर आणि तो असं तिघांनी बसून ठरवतो, बाकीचं बोलणं मॅनेजर आणि कोच दोघांतच राहील हे करारात लिहून देतो. इथे जो गुळमुळीत उत्तर देईल, त्याच्याकडे एमसीसी असली तरी मी त्याला नेमणार नाही.

आणि कोच म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. झोप उडाली असेल, नैराश्य असेल तर डॉक्टरकडेच जा.