आधी हरीण, मग प्रकाशवर्षं

चार-पाच वर्षांच्या पोराला गच्चीवर नेऊन "तो तारा इतके अब्ज किलोमीटर लांब आहे बरं का" असं सांगणारे आईबाप दिसले की मला राहवत नाही. अहो, त्याला अजून आजोळ किती लांब तेही कळत नाही. अब्ज काय नि हजार काय, सारखंच.

माझं म्हणणं, सुरुवात मृग नक्षत्रापासून करा आणि गोष्टीनेच करा. फेब्रुवारीत रात्री आठ-नऊला मृग चांगलं वर आलेलं असतं, पुण्या-मुंबईच्या उजेडातही दिसतं. चार कोपऱ्यांतले चार तारे हे हरणाचे पाय. मधे ओळीने तीन ठळक तारे, तो पोटात घुसलेला बाण. मारला कोणी? त्याच रेषेत खाली या, व्याधाचा तारा, म्हणजे शिकारी, लखलखत उभा आहे. रेष उलट्या दिशेने वर न्या, तांबूस रोहिणी आणि तिच्यापुढे कृत्तिकांचा पुंजका. कृत्तिका मोजायला सांगा, भांडणं ठरलेली! मोबाइलचं ॲप मात्र खिशातच राहू द्या. स्क्रीन पाहिली की अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा आंधळे.

आकडे आठ-नऊ वर्षांच्या मुलांना सांगावेत, तेही गोष्टीच्याच पोटातून. व्याध आपल्यापासून साधारण 8.6 प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे आज दिसतो तो त्याचा प्रकाश निघाला तेव्हा ही मुलं जेमतेम जन्मत होती. आणि बाणाचे तारे? हजार प्रकाशवर्षांच्याही पलीकडे. हे ऐकून माझी भाची म्हणाली, "मग नेम कसा लागला?" आता बोला! हरीण, बाण, शिकारी हे सगळं फक्त आपल्या जागेवरून एकत्र दिसतं, हे सांगायला याहून चांगला प्रश्न मला तरी सुचला नसता.

गावाकडे आजोबा जूनमध्ये "मृग लागला" म्हणतात, तेव्हा आकाशात मृग शोधायला जाऊ नका. सूर्यच त्या नक्षत्रात असतो, त्यामुळे ते दिवसा उगवून दिवसाच मावळतं. ढग नसते तरी दिसलं नसतं. पंचांगातलं कोल्हा, मोर, बेडूक अशा नक्षत्राच्या वाहनावरून पाऊस सांगायचं प्रकरण मुलांना जरूर सांगा, पण पावसाचा अंदाज हवामान खात्याकडूनच घ्या.

फेब्रुवारी हुकला तर मे महिन्याच्या शेवटी रात्री दहा-अकराला आग्नेयेकडे वृश्चिक बघा. लाल ज्येष्ठा आणि वळलेली नांगी. तिथे गोष्टसुद्धा लागत नाही, पोरं आपणहून "विंचू!" म्हणून ओरडतात.