साहेबाचा हात कोण धरणार? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमची उभी हयात पोलीस खात्यात गेली, त्यामुळं "घरात बसून लिहायला काय जातंय" हे तुम्ही म्हणालात तर ऐकून घेणं भागच आहे. मी लिहिलं होतं की एक पोलीस हाताबाहेर जाऊन मारायला लागला तर शेजारच्या पोलिसानं त्याला थांबवणं ही ड्युटी आहे, मेहरबानी नव्हे. त्यावर तुम्ही म्हणताय की हे अमेरिकेचं खूळ आहे, इथं शिपायानं साहेबाचा हात धरला तर दुसऱ्या दिवशी मुख्यालयाला जमा, आणि शेवटी "आम्हीपण थांबवायचो, पण बोंब मारत नव्हतो." हे शेवटचं वाक्य लई भारी आहे, त्यावर येतोच.

आधी खूळ. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६८ काढून बघा, तुमच्या वेळी ते सीआरपीसीचं १४९ होतं. दखलपात्र गुन्हा घडत असेल तर प्रत्येक पोलिसानं तो आपल्या ताकदीप्रमाणं रोखलाच पाहिजे असं त्यात आहे, आणि गुन्हा करणारा खाकीत असला तर सोडून द्या असं काही त्यात लिहिलेलं नाही. कबुली काढायला मारहाण करणं हा दखलपात्र गुन्हाच आहे, आधी आयपीसी ३३०, आता न्याय संहितेचं १२०, सात वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणजे कोण कुणाला चौदावं रत्न दाखवत असताना तुम्ही दारात उभे असाल तर कायदा तुमच्याकडंपण बघतोय. अमेरिकेचा काय संबंध?

आता भीती. ती खरी आहे, कसुरी रिपोर्ट, अडवलेली रजा, आडबाजूला बदली, हे सगळं मी नाकारतच नाही. पण गप्प बसलेला ज्युनिअर वाचतो हा जो समज आहे ना, त्यासाठी अमेरिकेचंच उदाहरण देतो, चिडू नका. २०२० च्या मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये डेरेक शॉविन ह्या पोलिसानं जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर नऊ मिनिटांच्या वर गुडघा दाबून त्याचा जीव घेतला, तेव्हा पाय धरून बसलेला थॉमस लेन नोकरीला लागून आठवडापण झाला नव्हता. त्यानं विचारलं, ह्याला कुशीवर वळवायचं का? सिनिअर नको म्हणाला. परत विचारलं, तरी कुणी वळवलं नाही. आणि हा गप्प बसला. शॉविनबरोबर तिथं असलेले तिघंही दोषी ठरले, फ्लॉइडला वैद्यकीय मदत न दिल्याबद्दल लेनला अडीच वर्षं, बाकी दोघांवर शॉविनला न थांबवल्याचापण ठपका, त्यांना तीन आणि साडेतीन वर्षं. विचारून सिनिअरवर सोडून दिलं की आपण सुटलो, असं काही होत नाही.

आणि आपल्याकडचं म्हणाल तर शेजारी सांगलीत २०१७ ला कोठडीत पोरगा मेला आणि आंबोलीत नेऊन त्याचं प्रेत जाळल्याचा आरोप पोलिसांवरच झाला. असलं काम एकटा माणूस करू शकतो का हो? गाडी लागते, ड्रायव्हर लागतो, गप्प बसणारे लागतात. उलट तमिळनाडूत सातनकुलमला २०२० मध्ये बाप-लेक पोलिसांच्या मारानं गेले तेव्हा तिथल्याच रेवती नावाच्या हेड कॉन्स्टेबलनं मॅजिस्ट्रेटपुढं सांगितलं की रात्रभर मारलं, लाठ्यांना आणि टेबलाला रक्त लागलं होतं. सही करताना घाबरली होती बाई, पण केली.

आता तुमचं "बोंब मारत नव्हतो." काका, हे मी डोळ्यानं बघितलंय. कोल्हापुरात विसर्जन मिरवणुकीत पापाच्या तिकटीजवळ एक साहेब एका पोराला काठीनं हाणत होते, पोरगं खाली पडलं तरी काठी थांबेना, बहुतेक सकाळपासून उभं राहून डोकं फिरलं असणार. तेवढ्यात मिशा पिकलेला एक हवालदार मधे घुसला, "साहेब, साहेब, वरनं फोन आलाय, वायरलेसवर बोलवतायत" म्हणत त्यांना खांद्याला धरून बाजूला घेऊन गेला, आणि जाता जाता पायानंच पोराला खुणावलं, पळ. फोनबिन काही आला नव्हता. साहेबाचा मान राहिला, पोराची हाडं राहिली, आणि बहुतेक साहेबाची नोकरीपण.

म्हणजे थांबवायची अक्कल खात्यात आहेच, फक्त ती बहाणा करून चालवावी लागते. माझी तक्रार एवढीच आहे की बहाणा रस्त्यावर चालतो, गर्दी असते, मोबाईल चालू असतात. डीबीच्या, म्हणजे गुन्हे शोध पथकाच्या, बंद खोलीत रात्री दोनला कुठला फोन येणार? तिथं त्या हवालदाराला सरळ "साहेब, बास" म्हणता आलं पाहिजे आणि ठाणे अंमलदाराला ते स्टेशन डायरीत नोंदवता आलं पाहिजे. न्यू ऑर्लिन्सच्या पोलिसांनी २०१६ पासून ह्याचं ट्रेनिंगच चालू केलं, सहकाऱ्याला कसं अडवायचं आणि अडवलेल्यानं कसं ऐकायचं. ते दुसरं जास्त अवघड आहे, कारण ते साहेबांना शिकवावं लागतं. ठाण्यात सगळीकडं कॅमेरे लावा असं सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२० मध्येच सांगितलंय, पण कॅमेरा काय कुणाचा हात धरत नाही.

तुम्ही असे किती बहाणे केलेत ते लिहा की काका, नाव-ठाणं काही नको. नव्या भरतीची पोरं वाचतात इथं.