वायफायच्या नावात वेबसाइटचा पत्ता: लपतंय कोण, आणि कुणापासून?

मंडळी, माझं मत आधी सांगून टाकते, मग भांडा. घरच्या वायफायला किंवा गेममधल्या आयडीला एखाद्या वेबसाइटचं नाव द्यायचं आणि फुकटात तिची जाहिरात करायची, हा काही पोरांचा उद्योग मला मनापासून आवडतो. ही जाहिरात कुणाच्या फोनमध्ये घुसत नाही, कोण काय बघतंय याची नोंद ठेवत नाही. तिच्यावर बोट टेकवून साइट उघडतसुद्धा नाही. वाचणाऱ्याला वाटलं तर तो स्वतः टाइप करेल, नाहीतर पुढे जाईल. इतकी सभ्य जाहिरात हल्ली वर्तमानपत्रातही सापडत नाही. खटकतं ते एवढंच की ही पोरं तिला 'निनावी' म्हणतात.

इंदूरकरांना या युक्तीचं महत्त्व समजावून सांगायला नको. २०१७ पासून ओळीनं स्वच्छतेत पहिला नंबर काढणाऱ्या शहरात भिंतीवर कागद चिकटवायची छाती कुणाची आहे? भिंती विद्रूप करण्याविरुद्धचा कायदा मध्य प्रदेशात १९९४ पासून आहेच, पण धाक बसला तो अलीकडे. पूर्वी गणपतीच्या तोंडावर विजेच्या खांबांवर नाटकांची, गाण्यांच्या कार्यक्रमांची, ट्यूशनची पत्रकं एकावर एक चढलेली असायची. आता भिंतींवर चित्रं आली आणि खांब चकाचक झाले. राहता राहिली हवा, तिला रंग द्यायला अजून कुणी आलेलं नाही.

आधी गेमचं बोलते, कारण तिथं माझं कौतुक लवकर आटपतं. बीजीएमआयसारख्या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या गेममध्ये शंभर जण उतरतात. कुणी कुणाला मारलं की दोघांची नावं स्क्रीनच्या कोपऱ्यात झळकतात. म्हणजे जाहिरातच करायची असेल तर उत्तम खेळता यायलाच हवं असं नाही, मरता आलं तरी काम होतं! तिथं नाव बदलायला रीनेम कार्ड लागतं, अक्षरंही मोजकीच मिळतात. कॉम्प्युटरवरचे गेम विकणाऱ्या स्टीमवर मात्र हवं तेव्हा, फुकटात आणि ऐसपैस नाव बदलता येतं. सट्टेवाल्यांची नजर नेमकी या सोयीवर गेली. काउंटर-स्ट्राइक नावाच्या गेममधल्या बंदुकांच्या 'स्किन' (बंदुकीवर चढवायची नक्षी) पणाला लावून जुगार खेळवणाऱ्या साइट्स खेळाडूंना सांगायच्या, आमचा पत्ता तुझ्या नावाला जोड आणि बोनस घेऊन जा. मिसरूड न फुटलेली पोरं चार नाण्यांसाठी जुगाराच्या अड्ड्याची पाटी गळ्यात घालून हिंडायची. २०१६ च्या जुलैत स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं अशा २३ साइट्सना नोटिसा धाडल्या. पण धंदा तेवढ्यानं बंद पडला नाही.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा झाला. त्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आहेच, शिवाय त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही होऊ शकतं. एखाद्या पोराच्या टोपणनावाला कोर्ट जाहिरात मानेल की नाही, ते वकिलांनी बघावं. माझ्या घरात असं नाव दिसलं तर मी कोर्टाची वाट बघत बसणार नाही.

आणि तिथला निनावीपणा तरी कसला? समोरच्या खेळाडूला तुमचं नाव कळत नाही, हे खरं. पण ज्याच्यापासून लपायचं तो काही समोरचा खेळाडू नसतो. कंपनीकडे तुमचा मेल किंवा फोन नंबर असतो, खरेदी केली असेल तर पैसे कुठून आले तेही असतं. स्टीम तर तुमची आधीची नावंही प्रोफाइलवर दाखवतं, तुम्ही स्वतः ती यादी पुसली नाही तर.

वायफायची गोष्ट नेमकी उलटी आहे. तिथं कंपनीला तुमच्या नावाशी फारसं देणंघेणं नसतं, पण शेजारी तुम्हाला शोधून काढतात.

माझ्या मैत्रिणीच्या मुलानं इंदुरातल्या मराठी कार्यक्रमांची तारीखवार यादी देणारी वेबसाइट केली आहे. सानंद या संस्थेच्या नाटकापासून गल्लीतल्या भजनापर्यंत सगळं एका ठिकाणी. गुणी पोरगा, पण साइटवर स्वतःचं नाव घालायला तयार नाही. म्हटलं, का रे बाबा? तर म्हणाला, "मावशी, इंदुरात मंडळं किती आणि त्यांचे अध्यक्ष किती! आमचा कार्यक्रम खाली का, त्यांचा वर का, म्हणून रात्री अकराला फोन येतील." पटलं मला. ज्यानं एकदा जरी कोजागिरीची कार्यक्रमपत्रिका छापली आहे त्याला हे पटेलच.

म्हणून त्यानं साइटचा पत्ता वायफायला नाव म्हणून दिला. आधी मराठीत द्यायचा विचार होता. पण वायफायच्या नावाला जागा मिळते फक्त ३२ बाइटची, आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह, कानामात्रा-अनुस्वारसुद्धा, तीन-तीन बाइट खातं. समजा 'इंदूरमराठी' असं लिहिलं, तर इ, अनुस्वार, द, ऊकार करत करत दहा चिन्हं होतात. म्हणजे तीस बाइट संपले, उरले दोन, आणि रोमनमधल्या डॉट कॉमलाच लागतात चार. रोमन अक्षराला एकच बाइट पुरतो. त्यामुळे मराठी कार्यक्रमांची जाहिरात बिचाऱ्याला इंग्रजी लिपीत करावी लागली. (वाट्टेल ते लिहूनही भागत नाही. २०२१ मध्ये टक्क्यांच्या खुणा असलेलं एक विचित्र नाव सापडलं होतं. त्या वायफायला जोडलं की आयफोनचं वायफायच बंद पडायचं, पुन्हा सुरू करूनही भागत नव्हतं. अ‍ॅपलला पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्ती करावी लागली.)

राउटर आपलं नाव सेकंदाला साधारण दहा वेळा हवेत पुकारत असतो, दिवसरात्र. बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या फोनवर ते नाव दिसायला लागलं. साइट बघणारे थोडे वाढले, असं तो म्हणतो. मला त्यात नवल वाटत नाही. वीज जाऊन आली की लोक आधी वायफायचीच यादी उघडतात.

वरच्या मजल्यावर एक काका आहेत, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. वेळ भरपूर आणि तार कुठून कुठे जाते हे शोधण्यात उभा जन्म गेलेला. त्यांनी सिग्नलची ताकद आकड्यांत दाखवणारं एक फुकटचं अ‍ॅप घेतलं आणि हातात फोन धरून जिना उतरायला लागले. हे आकडे उणे असतात आणि शून्याच्या जितके जवळ तितका राउटर जवळ. गच्चीच्या दाराशी उणे ७८, मधल्या जिन्यात उणे ६०, आणि आमच्या या वेबसाइटवाल्या पोराच्या दारासमोर उणे ४१. काकांनी बेल वाजवली नाही. ते नुसते हसले आणि वर गेले. मधल्या जिन्यात मीही होते, भाजी घेऊन.

पोरगा घाबरला. त्यानं नाव बदलून काहीतरी साधं ठेवलं आणि दोन-चार दिवसांनी दुसऱ्या रूपात पत्ता परत चढवला. पण राउटर नावाबरोबर स्वतःचा एक नंबरही हवेत सोडतो. तो ४८ बिटांचा असतो, त्याच्या पहिल्या अर्ध्या भागावरून राउटर कुठल्या कंपनीचा तेही कळतं, आणि नाव बदललं म्हणून तो बदलत नाही. काकांच्या डायरीत तो नंबर आधीच लिहिलेला होता.

काकांचं सोडा. वायगल नावाची एक साइट २००१ पासून जगभरच्या हौशी लोकांनी रस्त्यानं फिरत टिपलेले वायफाय नकाशावर मांडते, नाव, नंबर आणि जागा यांसकट. फोन आपली जागा ओळखतात तेही अंशतः याच नंबरांवरून. गूगलनं आपला राउटर यात धरू नये असं वाटत असेल तर नावाच्या शेवटी अंडरस्कोर आणि 'नोमॅप' जोडायची सोय आहे. पण ती सहा अक्षरंही त्याच बत्तिसातून जाणार, आणि काका गूगलमध्ये नोकरीला नाहीत.

शेवटी काकाच त्याच्याकडे चहाला गेले. नाव फोडणार नाही म्हणाले, फक्त एक अट. ते ज्या भजनी मंडळात पेटी वाजवतात त्याचा कार्यक्रम यादीत सगळ्यात वर हवा. पोरगा म्हणाला, "काका, यादी तारखेप्रमाणे लागते, माझ्या हातात काही नाही." काकांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "मग आम्ही तारीख अलीकडे घेतो."