सरपणाला जळकं ऑइल? त्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

‘पावसाळ्याआधी सरपण साठवण्याच्या 7 जुन्या कोकणी युक्त्या’ नावाचा मेसेज सध्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. खाली ‘आजीचं शहाणपण’ असा शिक्का, शेवटी नेहमीचे जोडलेले हात. तो आमच्या मावशीपर्यंत पोचला आणि तिनं गॅरेजवाल्याला जळक्या ऑइलचा, म्हणजे इंजिनमधून काढलेल्या वापरलेल्या तेलाचा, पाच लिटरचा कॅन भरून ठेवायला सांगितलं, म्हणून हे लिहिणं भाग आहे. आजीच्या चुलीपाशी इंजिन ऑइल कुठून आलं, हे पुढे ढकलणाऱ्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

मेसेजमधल्या सात युक्त्या थोडक्यात अशा: लाकूड तोडल्याबरोबर ताडपत्रीत चारी बाजूंनी गच्च बांधा, त्यावर जळकं ऑइल मारा, थोडं ओलं लाकूड मिसळून जाळा, म्हणजे सरपण पुरवून पुरतं, घराच्या भिंतीला टेकवून रचा, भिंतीच्या उबेनं वाळतं, तळाला खडं मीठ आणि मध्ये कडुलिंबाचा पाला घाला, साप-विंचू फिरकत नाहीत, काजूचं लाकूड विषारी, ते घरात आणू नका, आणि झाड आपल्या जमिनीतलं असेल तर तोडायला कुणाची परवानगी लागत नाही.

आधी ऑइल.

मेसेज म्हणतो, ऑइल मारलं की वाळवी लागत नाही, लाकूड पटकन पेटतं आणि धूर कमी होतो. वाळवीचं अर्धं खरं आहे, ते मान्य करून टाकू. कुंपणाच्या खुंटांना, शेडच्या मेढींना जळकं ऑइल मारतात आणि काही महिने वाळवी त्यांच्या वाटेला जात नाही. पण खुंट आपण चुलीत घालत नाही. शिवाय ब्रशनं मारलेलं ऑइल लाकडाच्या अंगात जेमतेम एक-दोन मिलिमीटर मुरतं, कापलेल्या टोकांतून थोडं जास्त. ओंडका नंतर फोडला की आतला सगळा भाग वाळवीला मोकळाच. आणि लाकूड अजून ओलं असेल तर त्यातलं पाणी बाहेर पडायची वाट आपण आपल्याच हातानं बुजवलेली असते.

पटकन पेटतं, हेही खरं. लाकूड वातीसारखं काम करतं आणि तेल जळतं. पण ‘धूर कमी’? एक तुकडा अंगणात पेटवून बघा. काळाकुट्ट धूर आणि त्यातून खाली बसणारी तेलकट काजळी. तांब्याच्या बंबात असली चार लाकडं घातलीत तर मधली नळी काजळीनं भरते, मग बंब ओढत नाही आणि धूर न्हाणीघरात उलटतो.

खरी भीती वेगळीच आहे. इंजिनमधून निघालेल्या ऑइलमध्ये नुसतं तेल नसतं. त्यात झिजलेल्या बेअरिंगांचं तांबं-शिसं असतं, ऑइल बनवतानाच मिसळलेलं जस्त असतं, आणि इंधन जळताना तयार होणारी कर्करोगकारक रसायनं साठत गेलेली असतात. चुलीच्या आगीत धातू जळून नाहीसे होत नाहीत. थोडे धुरात जातात, उरलेले राखेत.

आता आपल्या घरात ती राख कुठे-कुठे जाते ते मोजा. भांडी घासायला. कुळीथ-वाल साठवताना त्यांना चोळायला. परसातल्या भाजीला, माडाच्या आळ्यात. कोंबड्यांच्या खुराड्यात. आणि निखारे? त्यांच्यावर भाकरी फुगवतो, वांगं भाजतो, सुके बांगडे भाजतो. गॅसवर स्वयंपाक करणाऱ्यानं शहरात बसून हा मेसेज लिहिलाय, हे इथेच कळतं. ज्याच्या घरी रोज चूल पेटते त्याला राख हा कचरा नसून वापरायचा जिन्नस आहे हे सांगावं लागत नाही.

कुणाला हे सगळं ‘घाबरवणं’ वाटत असेल तर केंद्र सरकारचे घातक कचऱ्याबाबतचे 2016 चे नियम काढून बघा. त्यांच्या पहिल्या अनुसूचीत वापरलेलं तेल नाव घेऊन घातलेलं आहे. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेलं पाहिजे. गॅरेजवाल्यालाही जे वाटेल तिथे ओतायची मुभा नाही, ते आपण वहिनीच्या चुलीत घालायचं?

ज्यांनी ऑइल मारून टाकलंय त्यांनी ती लाकडं वेगळी काढावीत. चूल, बंब, शेकोटी, काजू भाजायची भट्टी, यातलं काहीही त्यांच्यावर पेटवू नये. घासून, धुऊन ऑइल निघत नाही, उलट ते पाणी विहिरीकडे जातं. उरलेलं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजला परत द्यावं.

वाळवी थांबवायची रीत साधी आहे आणि फुकट आहे. आपल्याकडची वाळवी जमिनीतून येते आणि मातीची बोगद्यासारखी वाट बांधत वर चढते. ती वाट आपल्याला दिसेल अशी रचना करायची, एवढंच. तळाला जांभ्याच्या चिऱ्यांच्या दोन रांगा, त्यांच्यावर आडवे लोखंडी पाइप किंवा साल काढलेले ऐनाचे वासे. सगळ्यात खालचं लाकूड जमिनीपासून निदान 20 सेंटीमीटर वर हवं आणि खाली बॅटरी मारून आरपार दिसलं पाहिजे. चिऱ्यांमधल्या जागेत पाला, ढलप्या, भुसा साठू द्यायचा नाही, कारण वाळवी आधी तिथे येते. आठवड्यातून एकदा चिऱ्यांवर मातीची रेघ चढलीय का बघायचं आणि दिसली की खराट्यानं मोडायची. आंब्याच्या लाकडाची साल काढून टाकावी. सालीखाली ओल राहते आणि भुंगेरे तिथूनच लाकूड पोखरतात. रचलेल्या लाकडाखाली पिठासारखा भुसा पडायला लागला तर ती वाळवी नव्हे, हे भुंगेरे. ती लाकडं आधी जाळून संपवा.

ओल्या लाकडाची युक्ती. ‘जास्त वेळ जळतं’ हे खरं, पण जळतं कसलं, धुमसतं. हिशोब करू. 10 किलो ताज्या तोडलेल्या लाकडात अर्धं वजन पाण्याचं धरा, म्हणजे 5 लिटर पाणी. ते तापवून त्याची वाफ करायला साधारण 13 मेगाज्यूल उष्णता लागते. उरलेल्या 5 किलो कोरड्या लाकडातून मिळणार जवळपास 90. म्हणजे सातवा हिस्सा नुसतं पाणी उडवण्यात गेला. एवढ्यावर भागलं असतं तर कुणी तक्रार केली नसती. पण ते पाणी आग थंड ठेवतं, लाकडातून निघणारा वायू न पेटताच धूर होऊन निघून जातो, आणि उष्णता देणारा मोठा भाग त्या धुरातच असतो. भात शिजायला लागणारा वेळ वाढतो, डोळे चुरचुरतात, आणि लाकूड वाचतं म्हणावं तर तेही नाही. आग सावकाश हवी असेल तर किंजळासारख्या कठीण झाडाचा वाळलेला जाड ओंडका घाला आणि तो पुढे-मागे सरकवा. चुलीचा रेग्युलेटर तोच.

लाकूड वाळलं की नाही हे ओळखायला ओल मोजायचा मीटर लागत नाही. रचताना मधलं एक लाकूड निवडा, त्यावर खडूनं खूण करा, ताणकाट्यावर वजन करून तिथेच लिहून ठेवा. दर आठवड्याला पुन्हा वजन करा. सलग दोन आठवडे आकडा हलला नाही की समजा, त्या हवेत जेवढं वाळायचं तेवढं वाळलं. टोकांना चिरा पडणं, दोन लाकडं एकमेकांवर आपटल्यावर ठणठणीत आवाज येणं, या खुणाही उपयोगाच्या, पण वजन खोटं बोलत नाही. मीटर असेलच तर लाकूड फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचा. टोकाला टोचलं की नेहमी कमीच दाखवतो. 20 टक्क्यांच्या आत आलं की चुलीला चालतं. पावसात हवाच इतकी दमट असते की छपराखालचं लाकूडही थोडी ओल परत घेतं आणि 18-20 टक्क्यांच्या आसपास थांबतं. त्यानं बिघडत नाही. बिघडतं ते थेट पाणी लागल्यानं.

इथेच ताडपत्रीचा मुद्दा येतो. वरून झाकायला हवं, यात वाद नाही. चारी बाजूंनी गच्च बांधणं मात्र लाकूड कुजवायची हमखास रीत. दिवसा लाकडातून वाफ निघते, रात्री ताडपत्रीच्या आतल्या बाजूला तिचे थेंब होतात आणि परत लाकडावरच गळतात. पंधरा दिवसांत पांढरी बुरशी.

क्रम असा: आधी कापणं, मग फोडणं, मग रचणं, झाकणं सगळ्यात शेवटी. ओल लाकडाच्या टोकांतून सगळ्यात लवकर बाहेर पडते, म्हणून लांबी कमी ठेवायची. चुलीसाठी 40-45 सेंटीमीटर लांब आणि मनगटापेक्षा थोडं जाड; बंबासाठी त्याच्या निम्मी लांबी आणि दोन बोटं जाडी. सालीसकट अख्खा ठेवलेला गोल ओंडका वर्षभरानंतरही आतून ओला निघतो. बहुतेक लाकडं ओली असतानाच सरळ फुटतात, वाळल्यावर कुऱ्हाड अडकते. फोडायला खाली रुंद ओंडका घ्या, गुडघ्यापेक्षा थोडा कमी उंच, म्हणजे निसटलेली कुऱ्हाड पायावर न येता ओंडक्यात रुतते. गाठ असलेल्या लाकडाला कुऱ्हाडीनं झोंबत बसू नका, पाचर आणि घण घ्या. हे सगळं डिसेंबर-जानेवारीत उरकलं तर मे अखेरपर्यंत चार-पाच महिने कोरडी हवा मिळते. मे महिन्यात तोडून जूनमध्ये जाळायला काढलेलं लाकूड कुठल्याच युक्तीनं वाळत नाही.

जागा किती लागते? चूल आणि बंब मिळून रोज 7 किलो धरा. पावसाचे चार महिने म्हणजे सुमारे 850 किलो. वाळलेलं, नीट रचलेलं कठीण लाकूड एका घनमीटरात साधारण 420 किलो मावतं. म्हणजे दोन घनमीटर: 4 मीटर लांब, 1.2 मीटर उंच, 45 सेंटीमीटर खोल, अशी एकच रांग. याहून उंच रचू नका, ढासळते. दोन्ही टोकांना एक थर आडवा, एक उभा असे चौकटीनं रचत गेलं की बाहेर टेकू लागत नाही. वर उताराचा पत्रा, रांगेच्या बाहेर अर्धा मीटर तरी आलेला, नाहीतर पागोळ्या लाकडांवरच पडतात. आपल्याकडे झड नैर्ऋत्येकडून येते. त्या बाजूला माडाच्या झापांचा आडोसा करा, पण लाकडाला चिकटवून नको, वीतभर अंतर ठेवून. बाकी बाजू उघड्या.

भिंतीला टेकवून रचण्याबद्दल फार बोलायला नको. भिंतीला ऊब असते म्हणणाऱ्यानं जुलैतल्या भिंतीला हात लावून बघावा. लाकूड तर वाळत नाहीच, वाळवीला मात्र दाराच्या चौकटीपर्यंत आणि पुढे वाशांपर्यंत आडोशाचा रस्ता मिळतो. मोठा साठा घरापासून चार-पाच मीटर लांब ठेवा. पडवीत आठवडाभराचं सरपण ठेवण्याची पद्धत ठीक आहे; तीही भिंतीपासून फूटभर सोडून.

मीठ आणि कडुलिंब. दमट हवेत मीठ स्वतःच पाझरतं, म्हणजे सरपणाच्या तळाला तुम्ही ओल आणून ठेवली, वर बंबाचा पत्राही खाल्ला. सापाला पाल्याच्या वासाचं सोयरसुतक नसतं. तो उंदीर आणि बेडकांमागे येतो, आणि उंदीर लाकडांच्या फटीत सांडलेल्या धान्यामागे. तळ उघडा आणि झाडलेला असेल तर दोघांनाही लपायला जागा उरत नाही. लाकूड काढताना वरून काढायचं, फटीत हात घालायचा नाही, आधी काठीनं हलवायचं, पायात चप्पल नव्हे तर बूट. कोकणातला लाल विंचू किती जीवघेणा ठरू शकतो आणि त्यावर प्राझोसिन हे औषध कसं चालतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी जगाला दाखवून दिलं. तेव्हा दंश झाला तर पाला-मंत्र न करता थेट दवाखाना. सापाच्या बाबतीतही तेच.

काजूबद्दल गोंधळ झालाय. विषारी म्हणावं असं काही असेल तर ते बियांच्या टरफलातलं तेल, त्यानं कातडी सोलवटते आणि टरफलं जाळली की धुरानं डोळे झोंबतात. ती चुलीत घालू नका. काजूचं वाळलेलं लाकूड मात्र खुशाल जाळा. घरात आणू नये अशी लाकडं खरंच आहेत: कण्हेर, शेर, बिब्बा. मेसेजात त्यांचं नावही नाही.

राहिली परवानगी. महाराष्ट्रात झाडं तोडण्याबाबत 1964 चा कायदा आहे आणि त्याच्या यादीतली झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. यादीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा, ऐन, किंजळ, खैर, साग, मोह आहेत, खारफुटीही आहे. म्हणजे कोकणातल्या परसात उभी असलेली निम्मी झाडं. काजूची आणि सुरूची झाडं त्या यादीत नाहीत. नगरपालिकेच्या हद्दीत 1975 चा वेगळा कायदा लागतो, गोव्यात 1984 चा. करवत लावण्याआधी जवळच्या वनखात्याच्या कार्यालयात जाऊन झाडाचं नाव सांगून विचारा.