ती धडधड नेमकं काय सांगते: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मूलपेशींपासून (ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी घडतात त्या पेशींपासून) प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये घडवलेल्या, धडधडणाऱ्या पेशींना मी मागच्या लेखात 'तयार हृदयस्नायू' म्हटलं ते चूक, आणि औषधं तपासायला असल्या पेशींवर प्रयोग करण्यापेक्षा उंदरांवरच्या चाचण्या बऱ्या, असं तुमचं म्हणणं. शिवाय तोच लेख दाखवून तुमच्या वडिलांना कोणीतरी मूलपेशींचं इंजेक्शन सुचवलं, हे वाचून मला फार वाईट वाटलं.

पहिला मुद्दा पूर्ण मान्य. ते वाक्य आज काढून टाकलं. तुम्ही लिहिलंत, 'नुसतं धडधडणं पुरेसं नाही.' मी तर म्हणेन, ते धडधडणं हेच कच्चेपणाचं लक्षण आहे. हृदयाच्या खालच्या कप्प्यातली प्रौढ पेशी आपणहून ठोका देत नाही. उणे ८५ मिलिव्होल्टच्या आसपास ती शांत असते आणि सायनस नोडपासून, म्हणजे हृदयाचा ताल ठरवणाऱ्या भागापासून, निघालेली विजेची लहर शेजारच्या पेशीकडून आली की मगच आकुंचन पावते. तिला असं शांत ठेवणारा एक पोटॅशियम प्रवाह मूलपेशींपासून घडवलेल्या पेशींत फार क्षीण असतो. त्यांचा व्होल्टेज उणे ६० च्या आसपासच राहतो, मग जरा निमित्त झालं की ठोका पडतो. सूक्ष्मदर्शकाखाली मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डिशच्या कडेला पेशींची दोन बेटं आपापल्या तालात उडत होती. दोन दिवसांनी त्यांच्यात एक बारीक पूल तयार झाला आणि दोन्ही एका ठोक्यावर आली. त्या दृश्याने मी इतका भारावलो की लिहिताना शब्द सैल सुटला.

उंदरांबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके देतं. ठोक्यानंतर आपली पेशी पूर्ववत होते ती बऱ्याच अंशी 'हर्ग' नावाच्या पोटॅशियम वाहिनीमुळे, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या पोटॅशियम बाहेर जाण्याच्या वाटेमुळे. प्रौढ उंदरात हे काम दुसऱ्याच वाहिन्या करतात. टर्फेनाडीन हे अ‍ॅलर्जीचं औषध ही हर्ग वाहिनीच अडवायचं. काही विशिष्ट औषधांसोबत घेतल्यावर रक्तातलं त्याचं प्रमाण वाढे आणि हृदयाची लय जीवघेणी बिघडे. अमेरिकेत ते १९९८ साली बाजारातून गेलं. असा धोका उंदरात दिसणं अवघड. माणसाच्या पेशीत, ती कच्ची असली तरी, ही वाहिनी असते. त्या पेशींखाली इलेक्ट्रोड ठेवून औषधाचे थेंब टाकले की ठोका किती लांबतो ते मोजता येतं. माझा सगळा उत्साह या कामासाठी आहे.

इंजेक्शनचा प्रश्न वेगळा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात माकडांच्या दुखावलेल्या हृदयात मानवी भ्रूण-मूलपेशींपासून बनवलेल्या सुमारे १०० कोटी हृदयपेशी सोडल्या होत्या. त्या रुजल्या, मूळ स्नायूशी विद्युतदृष्ट्या जोडल्याही गेल्या, पण माकडांच्या हृदयाची लय काही काळ बिघडली. माणसांवर चाचण्या होतात त्या अशा बिघाडावर सतत लक्ष ठेवून. जाहिरातीतल्या इंजेक्शनात तर बहुतेकदा हृदयपेशी नसतातच, अस्थिमज्जेतल्या किंवा चरबीतल्या पेशी असतात.

वडिलांना ते इंजेक्शन घेऊ देऊ नका, आणि चालू औषधं हृदयतज्ज्ञांना विचारल्याशिवाय थांबवू नका. ज्यांनी माझा लेख दाखवला त्यांना हे उत्तरही दाखवा. मूळ लेखाच्या सुरुवातीलाच याचा दुवा दिला आहे.